करार संपवून जाणं वेगळं, ट्रेड मागणं वेगळं

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला स्टार केव्हिन ड्युरंट, त्याच्या कारकिर्दीतल्या दोन तारखा बघा. 4 जुलै 2016 ला त्याने ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जात असल्याचं जाहीर केलं. 30 जून 2022 ला त्याने ब्रुकलिन नेट्सला कळवलं, मला दुसरीकडे पाठवा. पहिल्या वेळी त्याच्या जर्सी जाळल्याचे व्हिडिओ फिरले. आदल्या मोसमात 73 सामने जिंकलेल्या संघात जाणारा आयत्या बिळावरचा नागोबा, असाच सगळीकडे सूर होता. दुसऱ्या वेळी टिंगल झाली, पण तो जाळ नव्हता. आणि दोन्ही प्रसंगांना शिक्का एकच बसला: जिंकण्यासाठी संघ बदलणारा.

मला हे उफराटं वाटतं. 2016 मध्ये त्याचा करार संपलेला होता. 2022 मध्ये चार वर्षांचा नवा करार दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होता. पहिली गोष्ट फ्री एजन्सी, दुसरी ट्रेडची मागणी. स्टार खेळाडूने विजेतेपदासाठी संघ बदलावा का, हा वाद घालण्याआधी कुठल्या वाटेने बदलावा ते विचारायला हवं. कारण दोन्हीकडे किंमत वेगवेगळा माणूस मोजतो.

फ्री एजन्सी म्हणजे करार संपला, खेळाडू मोकळा. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. त्यानंतरच्या पहिल्या कराराच्या शेवटी जुन्या संघाला दुसऱ्याची ऑफर तितक्याच पैशांत आपली करून घेता येते. पण तो टप्पा ओलांडला की कुणाची परवानगी लागत नाही. हा हक्क खेळाडूंना आयता मिळालेला नाही. एके काळी करार संपला तरी खेळाडू त्याच संघाच्या दावणीला बांधलेला असे. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना 1970 मध्ये त्याच्या नावाने एनबीएवर खटला भरला गेला, 1976 मध्ये तडजोड झाली, आणि खरीखुरी विनाअट फ्री एजन्सी यायला 1988 उजाडलं. रॉबर्टसनला स्वतःला मात्र एकमेव विजेतेपद मिळालं ते ट्रेडमुळे. सिनसिनाटीने त्याला 1970 मध्ये मिलवॉकीला दिलं आणि पुढच्याच वर्षी मिलवॉकी जिंकली.

ट्रेड म्हणजे संघांनी आपसांत केलेली खेळाडूंची देवघेव. तिची मागणी करार चालू असताना होते. नाव मागणीचं असलं तरी कायद्याने ती विनंतीच. करार संघाच्या हातात असतो, खेळाडूला कुठे पाठवायचं ते संघ ठरवतो, आणि करारात नो-ट्रेड क्लॉज नसेल तर त्याला विचारायचीही गरज नसते. हा क्लॉज अगदी मोजक्यांकडे असतो. वर ही मागणी चारचौघांत करायला बंदी आहे. जानेवारी 2019 मध्ये अँथनी डेव्हिसच्या एजंटने, डेव्हिसला न्यू ऑर्लीन्स सोडायचंय, हे उघड सांगितलं, तेव्हा लीगने डेव्हिसला 50,000 डॉलर दंड केला. त्या पातळीवरच्या खेळाडूला तो चहापाण्याचा खर्च.

आयपीएल बघणाऱ्यांना ट्रेड हा प्रकार हार्दिक पांड्याने शिकवला. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तो गुजरातहून मुंबईत आला आणि वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पण तो व्यवहार रोखीचा होता, बदल्यात मुंबईचा कुणी खेळाडू गुजरातला गेला नाही. एनबीएत नुसती रोकड मोजून स्टार उचलता येत नाही. बहुतेक वेळा पगाराला पगार जुळवावा लागतो, म्हणजे माणसांच्या बदल्यात माणसं जातात, आणि वर पुढच्या कित्येक वर्षांचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायची पाळी. सगळी गोम इथे आहे.

ड्युरंटचं 2016 नीट बघू. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, अंतिम फेरीत थंडर वॉरियर्सविरुद्ध 3-1 ने पुढे होते. सहावा सामना ओक्लाहोमात, चौथ्या क्वार्टरला थंडरकडे आघाडी, आणि क्ले थॉम्पसन पेटला. त्या सामन्यात त्याने 11 थ्री, म्हणजे तीन-तीन गुणांचे बास्केट, मारले. मालिका 4-3 ने हातची गेली आणि पाच आठवड्यांनी ड्युरंट त्याच थॉम्पसनच्या संघात. लोकांना झोंबलं ते हे. पण वॉरियर्सना तो परवडला कसा? टीव्ही हक्कांचा नवा करार लागू झाल्याने सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, एका वर्षात 7 कोटी डॉलरवरून 9 कोटी 41 लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करू, असं लीग म्हणत होती. खेळाडू संघटनेने ते धुडकावलं. शिवाय स्टेफन करी तेव्हा वर्षाला जेमतेम 1 कोटी 20 लाखांवर खेळत होता. घोटा सारखा दुखावत होता त्या काळात त्याने सही केलेली. त्यामुळे करी, थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन तिघंही जागेवर राहिले आणि ड्युरंट वरून आला. हॅरिसन बार्न्स, अँड्र्यू बोगट गेले, पण गाभ्याला धक्का लागला नाही. 2017 च्या प्लेऑफमध्ये त्या संघाने 16 सामने जिंकले, 1 हरला. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद, आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ड्युरंटच.

ओक्लाहोमाला बदल्यात काय मिळालं? काहीच नाही. फ्री एजन्सीत किंमत जुनं गाव मोजतं.

आता 2022 ची मागणी. ऑगस्टमध्ये समेट झाला, पण तो टिकला नाही, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रुकलिनने त्याला फिनिक्सला दिलं. फिनिक्सने मोजले ते मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे चार पिक आणि वर एका पिकच्या अदलाबदलीचा हक्क. ब्रिजेस आणि जॉन्सन हे 2021 मध्ये अंतिम फेरी गाठलेल्या फिनिक्सच्या संघाचे भक्कम खांब. म्हणजे ज्या संघाच्या भरवशावर जिंकायला जायचं, त्याचीच तुळई काढून आपली किंमत चुकती करायची. 2024 मध्ये मिनेसोटाने फिनिक्सला प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत 4-0 ने घालवलं, 2025 मध्ये 36 विजय आणि 46 पराभव, प्लेऑफही नाही. त्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला.

ट्रेडमध्ये किंमत नवा संघ मोजतो, आणि आता त्याच संघातून खेळायचं असल्याने ती स्टारच्याच डोक्यावर बसते. याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण लॉस एंजेलिस क्लिपर्सचं. 2019 च्या जुलैमध्ये कवाय लेनर्ड फ्री एजंट होता. तो क्लिपर्सकडे आला, आणि त्याच वेळी पॉल जॉर्जने ओक्लाहोमाकडे ट्रेड मागितली. लेनर्डसाठी क्लिपर्सना एकही खेळाडू द्यावा लागला नाही. जॉर्जसाठी मात्र त्यांनी पहिल्या फेरीचे पाच पिक आणि एक कोवळा गार्ड दिला, शे गिल्जस-अलेक्झांडर. क्लिपर्स आजवर अंतिम फेरीतही गेलेले नाहीत. गिल्जस-अलेक्झांडर 2025 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी ओक्लाहोमाने विजेतेपद घेतलं. त्या संघातला दुसरा मोठा खेळाडू, जेलन विल्यम्स, त्याच पाचांपैकी एका पिकमधून आलेला.

मग ट्रेड मागून कुणी जिंकलंच नाही का? जिंकलंय. डेव्हिस 2019 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सला गेला आणि 2020 मध्ये विजेता झाला. तिथेही ब्रँडन इंग्रॅम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पिकांची चळत गेलीच, पण जी गोष्ट द्यायची नव्हती ती, म्हणजे लेब्रॉन जेम्स, आधीच तिथे होती. लेब्रॉन 2018 मध्ये फ्री एजंट म्हणून आलेला, कुणालाही न देता. एकाने मोफत यायचं, दुसऱ्याने किंमत लावून, हे गणित बसलं. क्लिपर्सनीही तेच गणित मांडलं होतं, पण दुखापतींनी ते विस्कटलं. एवढं मान्य करायला हवं.

करीम अब्दुल-जब्बारने मिलवॉकीकडे गुपचूप बदली मागितली ती 1974 च्या मोसमात, आणि 1975 मध्ये तो लेकर्सला गेला. त्याची तिथली पाच विजेतेपदं सगळे सांगतात. पहिलं मिळालं 1980 मध्ये, म्हणजे पाच वर्षं थांबून, मॅजिक जॉन्सन आल्यावर. आणि मॅजिकचा ड्राफ्ट पिक लेकर्सकडे आला होता तो गेल गुडरिच फ्री एजंट म्हणून न्यू ऑर्लीन्सला गेला त्याची भरपाई म्हणून! तेव्हा असा खेळाडू उचलणाऱ्या संघाला जुन्या संघाची भरपाई करावी लागे.

सगळ्यात मोठा घोळ लेब्रॉनच्या 2010 च्या निर्णयाचा. 8 जुलैला टीव्हीवर तासाचा कार्यक्रम करून त्याने मायामीला जात असल्याचं सांगितलं. क्लीव्हलँडचा मालक डॅन गिल्बर्टने त्याच रात्री जळजळीत पत्र लिहिलं. कागदोपत्री तो 'साइन अँड ट्रेड' होता: आधी क्लीव्हलँडने करार केला, मग मायामीला दिला. त्यात लेब्रॉनला जास्त वर्षांचा करार मिळाला आणि क्लीव्हलँडला काही पिक. नावात ट्रेड असली तरी जात फ्री एजन्सीचीच, कारण करार संपला होता आणि कुठे जायचं ते त्याने ठरवलं. राग यायला हवा होता तो तासभराच्या तमाशाचा. जाण्यावर माझा तरी आक्षेप नाही. मायामीत चार वर्षांत चार अंतिम फेऱ्या, त्यातली दोन विजेतेपदं.

निष्ठेची भाषा मला दोन्हीकडे पोकळ वाटते, पण सारखीच पोकळ नाही. ड्युरंटला 2007 मध्ये घेतलं ते सिएटलने. वर्षभरात अख्खा संघच शहर सोडून ओक्लाहोमाला गेला. टोरंटोवर जीव असलेल्या डीमार डीरोझनला 2018 मध्ये संघाने लेनर्डच्या बदल्यात देऊन टाकलं, आणि 2019 मध्ये टोरंटो जिंकलंही. डॅलसने फेब्रुवारी 2025 मध्ये लुका डॉन्चिचला लेकर्सकडे धाडलं. त्याने मागितलं नव्हतं, त्याला कुणकुणही नव्हती, आणि आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. संघ असे वागत असतील तर करार पूर्ण करून जाणाऱ्याला गद्दार कुठल्या तोंडाने म्हणायचं? करार चालू असताना तो मोडायला लावणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. सही करताना हमीचा पैसा हवा असतो, वर्षभराने मोकळीक हवी असते.

पण याचा दोष एकट्या खेळाडूंवर टाकता येणार नाही. ड्युरंट असा फुकटात गेल्यावर लीग आणि खेळाडू संघटनेतल्या 2017 च्या कराराने सुपरमॅक्स आणला: ठरावीक निकष पुरे करणाऱ्या स्टारला स्वतःचा संघ सॅलरी कॅपच्या 35 टक्क्यांपर्यंत लवकर देऊ शकतो, दुसरा संघ नाही. हेतू असा की स्टार घरी राहावा. यानिस अँटेटोकून्म्पोच्या बाबतीत ते जमलं. त्याने डिसेंबर 2020 मध्ये सही केली आणि 2021 मध्ये शेवटच्या सामन्यात 50 गुण करून मिलवॉकीला जिंकून दिलं. बाकी अनेकांनी सरळ हिशेब केला: पैसे घरी घ्यायचे, मग ट्रेड मागायची. डेमियन लिलार्डने 2022 मध्ये पोर्टलँडशी 2027 पर्यंतचा करार वाढवला आणि 1 जुलै 2023 ला मायामी मागितलं. मिळालं मिलवॉकी. त्याच्यासाठी मिलवॉकीने 2021 च्या विजेत्या संघातला जरू हॉलिडे सोडला, पोर्टलँडने हॉलिडेला बॉस्टनकडे वळवलं, आणि 2024 चं विजेतेपद बॉस्टनचं. ज्याने काही मागितलं नव्हतं त्याला मिळालं. लिलार्डच्या मिलवॉकीने दोन वर्षांत एकही फेरी पार केली नाही.

माझा कौल असा: विजेतेपद हवं असेल तर स्टारने संघ जरूर बदलावा, पण आपल्या कराराच्या शेवटी. त्यासाठी छोटे करार करावे लागतात आणि दुखापतीची धास्ती स्वतः घ्यावी लागते. लेब्रॉनने 2014 मध्ये क्लीव्हलँडला परतल्यावर हेच केलं: दोन वर्षांचा करार, दुसऱ्या वर्षी बाहेर पडायची मुभा, 2015 मध्ये पुन्हा तसाच. व्यवस्थापनावर कायम टांगती तलवार राहिली आणि 2016 मध्ये 3-1 ने मागे असताना त्याच 73 विजयांच्या वॉरियर्सना हरवून क्लीव्हलँड जिंकलं. 2018 मध्ये तो पुन्हा गेला, पुन्हा फ्री एजंट म्हणून, बदल्यात एक पिकही न ठेवता. या वेळी गिल्बर्टने त्याचे जाहीर आभार मानले आणि पुढे कधीतरी त्याची 23 नंबरची जर्सी निवृत्त करू, म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला देणार नाही, असं सांगितलं.