खुब्याचं हाड पुन्हा वाढवणारं छापील इम्प्लांट: मागची शंभर वर्षं

सोलापुरात ‘जांघेत दुखतंय, मांडी घालून बसता येत नाही’ म्हणत हाडांच्या डॉक्टरांकडे येणारी सगळीच माणसं म्हातारी नसतात. अनेकांना एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस असतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तिथलं हाड मरतं आणि कालांतराने गोळा खचतो. दारू, स्टिरॉइड, सिकलसेल, जबर मार ही ठळक कारणं. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांत हा आजार आढळल्याचं २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांच्या घरकुलात राहणाऱ्या बाईचं सगळं काम मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन चालतं आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिचा खुबा आखडला तर घरातली कमाईच थांबते. म्हणून थ्रीडी प्रिंटरवर रुग्णाच्या मापाने छापलेल्या, हाड वाढवणाऱ्या इम्प्लांटची, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाची बातमी इथे मन लावून वाचली जाते.

खुबा बदलायचे प्रयत्न जुने आहेत. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९१च्या सुमारास हस्तिदंताचा सांधा बसवला, पण क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो बोस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांचा १९२३चा प्रयोग. त्यांनी गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडाची वाटी यांच्यामध्ये काचेची टोपी घातली. तिच्याभोवती शरीर स्वतःच नवा गुळगुळीत थर तयार करील आणि मग टोपी काढून घेता येईल, अशी त्यांची कल्पना होती. काच फुटायची, म्हणून १९३८मध्ये कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची टोपी आली. शरीराकडूनच दुरुस्ती करून घ्यायचा विचार खुब्याच्या शस्त्रक्रियेत तेव्हाच आला होता.

पुढे तो मागे पडला, याचं कारण जॉन चार्नली यांचं यश. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला त्यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या आधी भराभर झिजल्या. मग नोव्हेंबर १९६२पासून त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी, स्टीलचा दांडा आणि दातांच्या डॉक्टरांकडचं अॅक्रिलिक सिमेंट अशी जोडणी वापरली. असंख्य माणसं त्यामुळे पुन्हा चालू लागली. तरुण रुग्णाचा प्रश्न मात्र राहिला. वाटी झिजली की तिचे कण भोवतीचं हाड खातात, दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि दर वेळी धरायला हाड कमी उरतं.

हाड पुन्हा कसं वाढवायचं, हे कोडं दुसरीकडे सुटत होतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२मध्ये सशाच्या पायातलं टायटॅनियम हाडाने घट्ट धरलेलं दिसलं. १९६५मध्ये अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर मार्शल युरिस्ट यांनी कॅल्शियम काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड तयार झालं. सीटी स्कॅन १९७१मध्ये रुग्णावर पहिल्यांदा वापरला गेला, चार्ल्स हल यांना थ्रीडी छपाईचं पेटंट १९८६मध्ये मिळालं आणि २००७मध्ये इटलीत छापील टायटॅनियमची वाटी माणसाच्या खुब्यात बसली.

त्या वाटीची बाहेरची बाजू जाळीदार असते. भोकं साधारण अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत शिरतील एवढी. वेल चढावा म्हणून मांडव घालतात, तशी ही जाळी. घन टायटॅनियम हाडापेक्षा पाचेक पट ताठ असतं, सगळा भार तेच उचलतं आणि भार न मिळालेलं हाड विरळ होतं. जाळीमुळे तो ताठपणा उतरतो. कमरेचं हाड फार झिजलेलं असेल, तर सीटीवरून त्या एकाच माणसाच्या मापाचा तुकडा छापतात, हेही आता प्रत्यक्षात होतं.

पण कॅल्शियम फॉस्फेटसारख्या पदार्थाचा, हळूहळू विरघळून आपली जागा हाडाला देणारा सांगाडा अजून मुख्यतः प्रयोगशाळेत, प्राण्यांत आणि छोट्या चाचण्यांत आहे. गोळ्यावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत आवरण, छापून बसवणं हा नेहमीचा उपचार झालेला नाही. घाई करू नये याचा दाखला ताजा आहे: धातूवर धातू घासणारे नवे खुबे एका बड्या कंपनीला २०१०मध्ये जगभरातून परत मागवावे लागले. आपल्याकडची वैद्यकीय उपकरणांची स्वतंत्र नियमावली १ जानेवारी २०१८पासून लागू झाली.

असा विरघळणारा सांगाडा गोळ्यात भरायचा, तर गोळा खचलेला नसावा लागतो. आज गोळ्याला भोक पाडून आतला दाब कमी करतात, त्या उपचाराचीही हीच अट आहे. त्या टप्प्याच्या सुरुवातीला एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो आणि आजार एमआरआयमध्येच दिसतो.