भास्कर (नामसाम्य)

‘भास्कर’ म्हणजे सूर्य. या नावाचे निदान पाच ग्रंथकार भारतीय विद्यापरंपरेत प्रसिद्ध असून त्यांत गणिती, वेदान्ती, कवी आणि तंत्रशास्त्राचे पंडित आहेत.

ज्योतिर्गणितातील दोघांना ‘पहिला’ व ‘दुसरा’ म्हणण्याची रूढी आधुनिक आहे. पहिल्याने आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथावरील भाष्य इ.स. ६२९ मध्ये पूर्ण केले. त्याचा संबंध कोणी अश्मक या प्राचीन देशाशी, तर कोणी सौराष्ट्राशी जोडतात. कोष्टकाशिवाय कोनाची ‘ज्या’ (साइन) काढण्याची त्याची रीत आजही तिच्या अचूकपणामुळे थक्क करते.

दुसऱ्याचा काळ निश्चित आहे. सिद्धांतशिरोमणी या आपल्या ग्रंथात तो आपला जन्मशक ‘रसगुणपूर्णमही’ असा शब्दांकांनी देतो. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ येते. ग्रंथ त्याने छत्तिसाव्या वर्षी रचला. वाद आहे तो गावाचा. सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ हे आपले गाव असे तो सांगतो. नामसादृश्यावरून काहींनी ते विजापूर मानले. अकबराच्या दरबारातील कवी फैजीने याच भास्कराच्या लीलावती या गणितग्रंथाच्या फारसी अनुवादात (१५८७) बीदरचे नाव घेतले. ही दोन्ही स्थळे सह्याद्रीपासून दूर पडतात. टीकाकार मुनीश्वर मात्र हे गाव महाराष्ट्रात, गोदावरीपासून फार दूर नाही, असे सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख या बाजूला बळ देतो, म्हणून खानदेशाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. अर्थात विज्जडविड म्हणजेच पाटण, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला हा लेख भास्कराचा नातू चांगदेव याने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाचा आहे. शेवटच्या मराठी ओळींत पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिल्याची नोंद आहे. सिद्धांतग्रंथांच्या पठणाला लागणारी सामग्री बाजारातून कशी येई, हे इतक्या जवळून दाखवणारा पुरावा विरळा. याच लेखातील भास्कराच्या वंशावळीत भोजराजाकडून ‘विद्यापती’ पदवी मिळवणारा भास्करभट्ट नावाचा पूर्वजही येतो. लेख वाचताना त्याची व गणितीची गल्लत होऊ देऊ नये.

ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदपर (जीव व ब्रह्म यांत भेदही आणि अभेदही मानणारे) भाष्य लिहिणारा वेदान्ती भास्कर या दुसऱ्या गणितीहून जुना आहे. तो शंकराचार्यांचे खंडन करतो आणि वाचस्पतिमिश्र त्याचे मत खोडतात, त्यावरून त्याचा काळ साधारणतः आठवे-नववे शतक धरतात. चरित्र उपलब्ध नाही.

मराठी वाचकाच्या अधिक जवळचा तो महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर. त्याच्या शिशुपाळवध या काव्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्याच्या आरंभापर्यंत वेगवेगळा दिला जातो. हा ग्रंथ उत्तम, पण शृंगारामुळे निवृत्तांजोगा (विरक्तांना साजेसा) नाही, असा अभिप्राय पंथीयांकडून आल्यावर त्याने उद्धवगीता रचली, अशी परंपरा आहे. पंथातील ‘कवीश्वर’ आम्नाय (शाखा) त्याच्याच नावाचा.

अठराव्या शतकातील तंत्रशास्त्राचा पंडित भास्करराय याने ललितासहस्रनाम या देवीस्तोत्रावर टीका लिहिली. कावेरीकाठचे भास्करराजपुरम् त्याच्या नावाने ओळखले जाते.

भारताच्या भास्कर-१ (१९७९) आणि भास्कर-२ (१९८१) या उपग्रहांची नावे दोन्ही गणितींच्या स्मरणार्थ आहेत. त्यांतील अंक मात्र प्रक्षेपणाच्या क्रमाचे आहेत.