नखाखालची जिव्हाळी

नख कापताना काही कळत नाही, पण नेलकटर जरा आत, जिव्हाळीपर्यंत गेलं की डोळ्यांत पाणी येतं. वरचं नख म्हणजे केराटिन या कठीण प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. जिवंत कारभार सगळा त्याच्या खाली आणि मागे.

नख घडतं ते मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेल्या मॅट्रिक्स नावाच्या ऊतीत. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारा पांढुरका अर्धचंद्र हा तिचाच बाहेर डोकावणारा भाग. इथे नव्या पेशी जुन्यांना पुढे रेटतात. त्या चपट्या होत, केराटिनने भरत मरून जातात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती. २०१४ मध्ये मोजलं तेव्हा अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटर भरलं. भागाकार करून पाहा, महिन्याला अडीच मिलिमीटरच्या थोडं वरच येतं. वयानुसार वेग मंदावतो, त्यामुळे हिशेब चोख जुळतो.

नखाचा गुलाबी रंग खालच्या नखशय्येतल्या, म्हणजे जिव्हाळीतल्या, रक्ताचा. नख दाबून सोडा: पांढरं पडतं आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. बोटांपर्यंत रक्त नीट पोचतंय का, हे डॉक्टरही असंच पाहतात.

या नखशय्येखाली चरबीची गादी नसते. ती थेट हाडाच्या आवरणाला चिकटलेली असते. दारात बोट चेंगरून आत रक्त साकळलं की वर कडक नख, खाली हाड, पसरायला जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्ताला वाट करून देतात आणि ठणका झटकन उतरतो. (घरी सुई तापवून हे करू नका.)

साकळलेल्या रक्ताचा काळा डाग पुढे वाढीबरोबर सरकत टोकाशी येतो आणि कापला जातो. मॅट्रिक्सला बारीकसा मार लागून उमटणारे पांढरे ठिपकेही तसेच. त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेणं म्हणजे पैसे वाया. मात्र एकाच नखावर नव्याने उभी काळी पट्टी उमटली आणि ती रुंदावत चालली, तर त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवावं. क्वचित तो मॅट्रिक्समधला कर्करोग असतो.