घाटकोपरचा घ, धारावीचा ध

धावत्या लोकलमधून ‘घाटकोपर’ची पाटी कोणी अक्षर लावून वाचत नाही. तिथे चुकून ‘धाटकोपर’ रंगवले, तरी बरेचसे प्रवासी बिनदिक्कत उतरतील. ओळखीचा शब्द मेंदू अंदाजानेच पुरा करतो. आडनावांपाशी मात्र हा अंदाज चालत नाही. दारावरची पाटी मोऱ्यांची की भोऱ्यांची, हे अक्षरानेच सांगायला हवे.

म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्या नीट पाहा. म, घ, य यांची शिरोरेषा सलग असते. भ, ध, थ यांची डावीकडे तुटते आणि तिथे छोटी घुंडी येते. म्हणजे सगळा फरक अक्षराच्या डाव्या खांद्यावर, बोटभर जागेत एकवटलेला. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातले अंतर वेगळे दिसते. वीस मीटरवर हे अंतर सुमारे ६ मिलिमीटर भरते. पाटीवर शिरोरेषेतली फट त्याहून बारीक असली, तर पलीकडच्या फलाटावरून ती बुजते आणि भ चा म होतो. मुंबईत खिळे, म्हणजे धातूचे अक्षर-ठसे, जुळवून छपाई व्हायची तेव्हा हेच काम पसरणारी शाई करायची. ठिपक्यांच्या इंडिकेटरवर तर फट म्हणजे जेमतेम एखादा विझलेला दिवा.

म्हणून चांगला अक्षररचनाकार एका खुणेवर विसंबत नाही. तो फट रुंद ठेवतोच, शिवाय घुंडी ठसठशीत, आतून मोकळी काढतो. एक खूण बुजली तरी दुसरी उरते. ख चा पायही असाच व ला जोडला गेला, नाहीतर ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत फरक कसा करणार? माझ्या मते आजच्या कित्येक सजावटी फाँटांत घुंडीच पुसट करून टाकतात, आणि ते अक्षराचे मोठे नुकसान आहे. दिसायला सुबक, वाचायला धोक्याचे.

रोमन लिपीतही ओ आणि शून्य, आय आणि एक यांचा हाच घोळ. तिथे कधी अक्षराऐवजी नियमच मदतीला येतो. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ चिन्हे असतात आणि पाचवे कायम शून्यच असते. फॉर्म भरताना तिथे ओ लिहू नका.