आपापली कटपयादी

कर्नाटक संगीतातला कल्याणी राग ७२ मेळांच्या, म्हणजे मूळ स्वरसप्तकांच्या, यादीत 'मेचकल्याणी' या नावाने येतो. पुढे 'मेच' जोडलंय ते या मेळाचा क्रमांक नावातच असावा म्हणून. कटपयादी म्हणजे व्यंजनांना अंक देऊन संख्या शब्दांत बसवायची जुनी पद्धत. तिच्यात म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६. आकडे उजवीकडून वाचायचे, म्हणून ६५. शंकराभरण रागाच्या पुढे 'धीर' लागला तोही असाच: ध ९, र २, मेळ २९वा.

कटपयादीचा तक्ता वर्णमालेवरच बसवलेला आहे. क ते झ म्हणजे १ ते ९ आणि ञ शून्य. ट ते ध पुन्हा १ ते ९ आणि न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. व्यंजनाला लागलेला स्वर मोजायचा नाही, जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं. केरळातल्या हरिदत्ताने इ.स. ६८३च्या सुमारास ग्रहगणितासाठी ही पद्धत वापरली. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथल्याच शंकरवर्मा या राजपुत्राने 'भद्राम्बुधिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद्भूपगीः' या एका ओळीत पायची (π) किंमत १७ दशांश स्थळांपर्यंत बसवली. भ ४, द्रा २, म्बु ३, धि ९... असं शेवटपर्यंत जाऊन उलट वाचलं की ३१४१५९२६५३५८९७९३२४. पडताळून पाहा, मजा येते.

आकडे शब्दांत बसवून लक्षात ठेवायची अशीच खटपट युरोपातही सतराव्या शतकापासून चालली होती. पिएर एरिगोन या फ्रेंच गणितज्ञाने १६३४ साली अंकांना अक्षरं देणारा तक्ता छापला. आज इंग्रजीत 'मेजर सिस्टिम' म्हणतात तिला साधारण आजचं रूप एकोणिसाव्या शतकात एमे पारी याने दिलं. तिथे १ म्हणजे ट किंवा ड, २ म्हणजे न, ३ म्हणजे म. का, तर रोमन लिपीतल्या छोट्या टी, एन आणि एम या अक्षरांना अनुक्रमे एक, दोन आणि तीन उभ्या रेघा असतात. देवनागरीत वाढलेल्या माणसाला या खुणेचा काय उपयोग? (४ म्हणजे र, कारण 'फोर'च्या शेवटी र आहे. आपल्या 'चार'च्याही शेवटी आहे, पण तो योगायोग.)

म्हणून मला वाटतं, तत्त्व उचलावं आणि तक्ता आपल्या जिभेला सोसेल असा करावा. व्यंजनाला अंक आणि स्वर मोकळे, एवढंच तत्त्व. स्वर मोकळे असल्यामुळेच एका संख्येला अनेक शब्द मिळतात. मराठीसाठी मी हा तक्ता सुचवेन: एकमधला क, म्हणून १ म्हणजे क, ख, ग, घ. दोनचा द, ध. तीनचा त, थ. चारचा च, छ, ज, झ. पाचचा प, फ, ब, भ. सातचा स, श, ष. आठचा ट, ठ, ड, ढ. नऊचा न, ण. सहाची पंचाईत होते, कारण स सातने घेतलेला. तिथे सहामाहीतला म घ्यावा. शून्य म्हणजे गोळा, म्हणून ल, ळ आणि सोबत र. य, व, ह आणि अनुस्वार फुकट, लागतील तिथे भरायला.

नियम कानाचा ठेवावा, लिपीचा नाही. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळे उच्चारले तरी दोन्ही ४. 'पत्ता'त त एकदाच, म्हणजे ५३. 'ज्ञ' आपण 'द्न्य' असा म्हणतो, म्हणून तो २९. 'रस्ता'त मात्र स आणि त दोन्ही ऐकू येतात, तेव्हा ०७३. कटपयादीसारखं शेवटचंच व्यंजन धरायचं नाही. वाचायचंही सरळ, डावीकडून.

या तक्त्यातून अख्खं गणगोत बाहेर पडतं: ११ काका, २२ दादा, ३३ तात्या, ५५ बाबा, ६६ मामा, ७७ सासू, ९९ नाना. ४४ला चोच आणि ००ला रूळ घेऊन भागतं. ८८ला टाटाचा ट्रक आणावा लागतो.

आता वापर. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला. १२ गादी, ६१ मेघ: वर मेघ आणि पुराच्या पाण्यात वाहत चाललेली गादी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. ६७ म्हैस (ह फुकट), म्हणजे काकांची म्हैस दावं तोडून पळतेय. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे 'काम जाम'. चढून गेलेल्याला वेगळं सांगायला नको.

हे टिकतं का, याचा अभ्यास झालेला आहे. आयता वाचलेला शब्द आणि स्वतः तयार केलेला शब्द यांत दुसरा जास्त लक्षात राहतो, हे स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ साली प्रयोगांतून दाखवलं. म्हणजे वरची यादी माझ्याकडून घेण्यापेक्षा तुम्ही बसून केलेली बरी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चेस आणि एरिक्सन यांनी एका विद्यार्थ्याला दीड-दोन वर्षं सराव दिला. एकदा ऐकून सातेक आकडे सांगणारा तो मुलगा जवळपास ८० आकड्यांपर्यंत गेला. तो धावपटू होता. आकड्यांचे गट करून तो त्यांना शर्यतीतल्या वेळा मानायचा. जिथे तसं जमत नसे तिथे वयं किंवा सन धरायचा. अक्षरं दिली की मात्र गाडी पुन्हा सहावर. स्मरणशक्ती वाढली नव्हती, त्याच्या ओळखीच्या जगात आकड्यांना जागा मिळाली होती. धावण्याशी संबंध नसलेल्याला ती पद्धत दिली असती तर काही उपयोग झाला नसता.

तक्त्यात बदल करायचे ते मात्र सुरुवातीलाच. एखाद-दोन आठवडे कच्चा तक्ता वापरावा, जीभ कुठे अडते ते पाहावं, पटत नसेल तर म आणि र यांची अदलाबदल करावी. पण ००पासून ९९पर्यंतचे शब्द पाठ झाल्यावर एक जरी अक्षर हलवलं, तरी जुना आणि नवा शब्द एकमेकांच्या पायात येतात आणि ऐन वेळी दोन्ही आठवतात. सरावाला वेगळा वेळ काढायची गरज नाही. बसमधून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या आकड्यांत वाचाव्यात: रसवंती ०७३, किराणा १०९, वाचनालय ४९०.