चेतकची स्टेपनी आणि ले मान्सची रात्र

२०२४ च्या जुलैमध्ये डुकाटी या इटालियन कंपनीने आपली नवी स्पोर्ट्स बाइक पानिगाले व्ही-४ दाखवली आणि आमच्या बाइकवेड्या ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. निमित्त मागचं चाक. एका बाजूने पूर्ण उघडं, हवेत तरंगल्यासारखं दिसणारं ते चाक गेलं आणि कुठल्याही मोटरसायकलला असतो तसा दोन्हीकडून धरणारा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली झुलणारा दांडा, आला. वजन २.७ किलोने घटलं, असं कंपनी सांगत होती. ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. "सिंगल आर्म हलका असतो, म्हणून तर रेसिंगमध्ये वापरतात," असं एकाने छातीठोकपणे लिहिलं आणि भराभर अंगठे पडले.

यातलं 'हलका' चूक आहे. 'रेसिंगमध्ये वापरायचे' हे खरं आहे, पण त्या 'म्हणून'मध्ये घोळ आहे. तो सोडवायला ऐंशीच्या दशकातल्या, ले मान्ससारख्या एखाद्या चोवीस तासांच्या शर्यतीत, रात्री तीनच्या सुमारास पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या थांब्यावर, जायला हवं.

मोटरसायकलच्या सहनशक्तीच्या शर्यती हे फ्रेंचांचं जुनं वेड. 'बोल दोर' १९२२ साली सुरू झाली. चोवीस तास गाडी पळवायची, आणि सुरुवातीच्या काळात एकट्याच स्वाराने. गुस्ताव लफेव्र या गृहस्थाने ती सात वेळा जिंकली. १९६९ मध्ये होंडाची अगदी नवीकोरी सीबी ७५० तिथे पहिली आली आणि 'चार सिलिंडरची जपानी गाडी टिकणार नाही' म्हणणारे गप्प झाले. १९७६ पासून होंडाच्या आरसीबी या रेसिंग गाडीने युरोपात कुणाला डोकं वर काढू दिलं नाही. १९७८ मध्ये मात्र, होंडाच्याच मालकीच्या सुझुका ट्रॅकवर भरलेल्या पहिल्या आठ तासांच्या शर्यतीत, 'पॉप्स' योशिमुरांच्या छोट्याशा टीमने सुझुकी जीएस १००० घेऊन बाजी मारली. त्या गाड्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही: फेअरिंगमध्ये (पुढच्या कवचात) शेजारी शेजारी दोन गोल दिवे, आणि स्वार ट्रॅकच्या पलीकडून पळत येऊन टांग टाकणार, मगच इंजिन सुरू. आज हे सगळं जुन्या चित्रफितींत बघताना मी अर्धा वेळ दिवे बघतो आणि अर्धा वेळ पिटमधले हात.

कारण शर्यत पिटमध्ये हरता येते. साधा हिशेब करू. सरासरी वेग ताशी १५० किमी धरला तर एका सेकंदात गाडी जवळजवळ ४२ मीटर जाते. समजा चोवीस तासांत बारा वेळा मागचं चाक बदललं आणि दर वेळी तुमचे २० सेकंद जास्त गेले. २४० सेकंद, म्हणजे १० किमी. फ्रान्समधल्या पॉल रिकार्डच्या ५.८ किमीच्या ट्रॅकवर ह्या झाल्या पावणेदोन फेऱ्या. घोडाही तोच आणि स्वारही तोच, फक्त पान्यापायी पावणेदोन फेऱ्या मागे!

साध्या मोटरसायकलचं मागचं चाक काढणं म्हणजे काय, हे पंक्चरवाल्याकडे उभं राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. अ‍ॅक्सलचा नट सोडा, अ‍ॅक्सल ठोकून बाहेर काढा, दोन्हीकडचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) सांभाळा, चेन उतरवा, ब्रेकचा कॅलिपर बाजूला धरा. बसवताना हेच सगळं उलट्या क्रमाने, वर चेनचा ताण बघा आणि चाक सरळ बसलंय का तेही बघा. चाक आर्मच्या दोन पायांमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे त्याला सोडवायला सगळा संसार हलवावा लागतो.

चाक एकाच बाजूने धरलं तर? फ्रान्समधल्या एल्फ या तेल कंपनीच्या पैशावर रेनोचा अभियंता आंद्रे द कोर्तान्झ १९७८ पासून नेमक्या अशाच विचित्र गाड्या बनवत होता. होंडाच्या इंजिनाची 'एल्फ ई' तर पुढूनही आणि मागूनही एकेका बाजूलाच चाक धरायची. पुढचा प्रकार मागे पडला. मागचा आर्म मात्र होंडाने उचलला. ऐंशीच्या दशकात त्यांच्या आरव्हीएफ ७५० या एन्ड्युरन्सच्या, म्हणजे सहनशक्तीच्या शर्यतींच्या, गाडीवर तो आला आणि १९८७ मध्ये आरसी-३० वर, म्हणजे विकत घेता येणाऱ्या गाडीवर. रचना देखणी आहे. आर्मच्या टोकाला मोठं गोल घर, त्यात बेअरिंगवर फिरणारी जाड पोकळ आस. आसेच्या एका बाजूला चेनचं दातेरी चक्र म्हणजे स्प्रॉकेट, दुसऱ्या बाजूला चाक. एकच भलामोठा नट सोडला की चाक हातात येतं. चेन, स्प्रॉकेट, ब्रेकची डिस्क सगळं जागच्या जागी. आसेचं घर किंचित विकेंद्री असतं, म्हणजे आस त्याच्या बरोबर मध्यावर नसते. ते फिरवलं की चेनचा ताण बदलतो, चाक मात्र वाकडं होऊ शकत नाही. अर्ध्या झोपेतल्या मेकॅनिकला चूक करायला जागाच ठेवलेली नाही.

आता किंमत. चाक जमिनीवर टेकतं ते गाडीच्या मध्यरेषेवर, आणि आर्म आहे एका बाजूला. त्यामुळे चाकावरचा प्रत्येक रेटा आर्मला वर ढकलतोच, शिवाय पिळतोही. मागच्या चाकावर १३० किलो भार धरा, म्हणजे सुमारे १३०० न्यूटन. गाडी वळणात ४५ अंश झुकली की टायरवरचा एकूण रेटा १.४ पटीने वाढून १८०० न्यूटनच्या घरात जातो. चाकाची मध्यरेषा आर्मपासून १० सेंटिमीटर लांब असेल तर पीळ झाला १८० न्यूटन-मीटर. मीटरभर काठीच्या टोकाला भरलेली बादली टांगा आणि काठीचं दुसरं टोक मुठीत घट्ट धरून ती आडवी ठेवायचा प्रयत्न करा. तेवढा.

पीळ सोसायला काय लागतं, ते टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यावर बघता येईल. दोन्ही टोकं धरून पिरगाळा. बऱ्यापैकी विरोध करतं. आता त्याची लांबीची एक कड ब्लेडने चिरा आणि पुन्हा पिरगाळा. पुठ्ठा तेवढाच, पण खोका फडक्यासारखा वळतो. पिळाला विरोध होतो तो बंद परिघामुळे. ताण भिंतीतून गोल फिरून परत स्वतःला येऊन मिळतो आणि चिरेपाशी त्याची वाटच तुटते. पातळ भिंतीच्या बंद नळीसाठी हा ताठपणा आतल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि परिघाच्या व्यस्त प्रमाणात असतो (भिंतीची जाडी तीच ठेवली तर). चौकोनी नळीची बाजू दुप्पट करा: क्षेत्रफळ चौपट, त्याचा वर्ग सोळापट, परिघ दुप्पट, म्हणून ताठपणा आठपट. धातू लागला फक्त दुप्पट. सिंगल आर्म मांडीएवढा जाड का दिसतो, याचं उत्तर या आठात आहे. एवढं करूनही जाड आस आणि मोठी बेअरिंगं मिळून तो तेवढ्याच ताठ दोन पायांच्या आर्मपेक्षा सहसा जडच भरतो. होंडाने हे वजन जाणूनबुजून पत्करलं, कारण पिटमधले सेकंद त्याहून महाग होते.

ही कल्पना आपल्या घरात केव्हाची उभी होती, हे मला फार उशिरा सुचलं. व्हेस्पाचा जनक कोराडिनो दास्कानियो मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरवाला. १९४६ च्या व्हेस्पाला त्याने विमानाच्या चाकासारखी एका बाजूने धरलेली चाकं दिली, मोटारीच्या चाकासारखी पटकन बदलता यावीत म्हणून. तीच रचना पुढे आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकमध्ये आली. मागे तर इंजिनाची पेटीच आर्मचं काम करायची. एकच स्टेपनी, पुढे लावा नाहीतर मागे. खंबाटकी घाटात बाबांनी चेतक एका अंगावर कलवून, नट काढून चाक बदललेलं मला आठवतंय. आई पर्स धरून बाजूला उभी होती, तिची तक्रार सुरू होऊन संपायच्या आत आम्ही परत निघालो.

चाकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. टायरमध्ये 'शुद्ध नायट्रोजन' भरून घेण्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पंपावरच्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रस्त्यावरच्या गाडीला तेवढा पुरतो. नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबाइतकाच बाकीच्या २२ टक्क्यांचा उपयोग. निदान लिंबू स्वस्त पडतं.

तर डुकाटीने सिंगल आर्म का सोडला? वजन हे एक कारण. दुसरं जास्त गमतीचं आहे. आजची रेसिंग गाडी वळणात ६० अंशांपर्यंत झुकते. रस्त्यावरचा उंचवटा चाकाला सरळ वर ढकलतो, पण सस्पेन्शन दबतं गाडीच्या स्वतःच्या उभ्या रेषेत, आणि तीच रेषा आता आडवी झालेली असते. ६० अंशांवर त्या धक्क्याचा निम्माच भाग सस्पेन्शनला मिळतो, ८७ टक्के आडवा येतो (बेरीज १०० होत नाही म्हणून चिडू नका, सदिश असेच मिळतात). तो आडवा धक्का झेलायला स्प्रिंग नाही. मग आर्मलाच थोडं बाजूला वाकू द्यायचं! म्हणून नव्या आर्मचा आडवा ताठपणा डुकाटीने मुद्दाम ३७ टक्क्यांनी कमी केला. चाळीस वर्षांपूर्वी ताठपणासाठी धडपड होती, आता हवा तिथेच लवचिकपणा हवाय. यापूर्वी २००२ च्या ९९९ या गाडीवरही त्यांनी दोन पायांचा आर्म देऊन पाहिला होता. गिऱ्हाईक रुसलं आणि तिच्यानंतरच्या १०९८ वर सिंगल आर्म परत आला. या वेळचा रुसवा किती टिकतो बघू.

आणि एन्ड्युरन्सच्या टीम? त्यांनीही सिंगल आर्म सोडलाय. स्पेसर चाकातच अडकवून ठेवायचे, कॅलिपर आपोआप बाजूला लटकता ठेवायचा, अ‍ॅक्सल सरकत आत जाईल असा घडवायचा, अशा बारीक बारीक युक्त्यांनी दोन पायांच्या आर्ममधलं चाकही आता ते काही सेकंदांत बदलतात.

आमच्या कोपऱ्यावर ही विद्या अजून पोचलेली नाही. गेल्या महिन्यात माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. पोराने अ‍ॅक्सल ठोकून काढला तसा स्पेसर टुणकन उडाला आणि घरंगळत गटाराच्या जाळीत गेला. चुंबक, तार, मग शेजारच्या किराणावाल्याची टॉर्च. पन्नास मिनिटं.