आधी चर, मग खड्डा
नवीन दगडखाणीसाठी अर्ज करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवी खाण काढायची म्हटली की मालक क्रशर, पोकलेन आणि रॉयल्टीचा हिशेब घेऊन बसतात. पाण्याचा विषय निघतो तो पहिल्या जूनमध्ये, डंपर चिखलात रुतल्यावर किंवा खालचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिल्यावर. तोवर खड्डा खणून झालेला असतो आणि साधा चर काढायलाही जागा उरलेली नसते.

आम्ही सातारा जिल्ह्यात आणि आसपास खाणींच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करतो. या जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. "आमच्याकडे पाऊसच कुठे पडतो?" असं माणकडचे मालक म्हणतात. पण चर वर्षाच्या बेरजेवर आखत नाहीत, एका रात्रीच्या पावसावर आखतात. दोन हेक्टरच्या खड्ड्यात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २० लाख लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. सेकंदाला १० लिटर उपसणारा पंप न थांबता चालवला, तरी दोन दिवसांहून जास्त लागतात.

हे झालं फक्त खड्ड्यावर पडलेलं पाणी. वरच्या डोंगराचं सहा हेक्टर पाणलोट खाणीकडे उतरत असेल आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर आणखी ३० लाख लिटर. म्हणून आमचं पहिलं सांगणं असतं की माथ्यावर चर काढा आणि डोंगराचं स्वच्छ पाणी खाणीला वळसा घालून त्याच्या मूळ ओढ्यात सोडा. एकदा ते खाणीत आलं की गढूळ होतं, आणि मग त्याची जबाबदारी तुमची. चराच्या बांधावर घायपात किंवा वाळा लावला तर मुरूम धरून राहतो. सिमेंटचा चर फक्त तीव्र उतारावर करा, बाकी ठिकाणी पैसे घालवू नका.

एक चूक आमची स्वतःची आहे, ती सांगून टाकतो. एका खाणीवर आम्ही चर नीट आखले, गढूळ पाणी थांबवून गाळ खाली बसवणारं तळंही केलं, पण डंपरच्या रस्त्याकडे बघितलंच नाही. पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी चाकोऱ्यांमधून रस्त्यानेच उतरलं आणि तळ्याला बगल देऊन थेट खालच्या कांद्याच्या वाफ्यांत गेलं. तेव्हापासून आराखड्यात पहिली रेघ रस्त्याची असते. रस्त्याला आतल्या बाजूला ढाळ, कडेला गटार आणि ते गटार तळ्यात.

तळं किती मोठं, हे गाळ किती बारीक आहे त्यावर ठरतं. घरी करून बघण्यासारखं आहे. खाणीतलं गढूळ पाणी एका बरणीत आणि वरच्या मुरमाच्या ढिगाखालचं दुसऱ्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. दगडाच्या भुकटीचं बरंचसं पाणी सकाळपर्यंत निवळतं आणि तळाशी करडा थर बसतो. मुरमाचं पाणी मात्र तसंच दुधाळ चहासारखं दिसतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण पाण्यात मीटरभर खाली बसायला साधारण तीन तास घेतो, त्याहून दहापट बारीक चिकणमातीचा कण जवळजवळ तेरा दिवस. एवढे दिवस पाणी अडवणारं तळं कोणी बांधत नाही. त्यामुळे मुरमाचे ढीग पावसाआधी सपाट करून त्यांवर गवत आणणं, हाच त्यावर खरा उपाय. ओढ्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ नको, असा सर्वसाधारण निकष आहे. निवळलेलं पाणी क्रशरवर आणि रस्त्यावर धूळ बसवायला वापरलं तर सोडायला फारसं उरतही नाही.

पंपाचा खर्च वाचवायचा असेल, तर पावसाळ्यात सगळ्यात खालची पायरी पाण्याला देऊन टाका आणि काम वरच्या पायऱ्यांवर ठेवा. सुरुंगाची दारू भरताना सांडलेला अमोनियम नायट्रेट लगेच झाडून उचला. तो पाण्यात चटकन विरघळतो आणि विहिरींपर्यंत पोचतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. डिझेलच्या टाकीभोवती पक्का कट्टा हवाच.

आता विहिरींचं. भांडणं होतात ती इथेच. आपला काळा पाषाण स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि पोकळ्या असलेल्या सच्छिद्र थरात. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, त्यातून पाणी सहज खाली उतरत नाही. डिसेंबरमध्ये खाणीची बाकी भिंत कोरडी आणि त्या पट्ट्याच्या वरची रेघ ओली दिसली, तर समजा की खालच्या विहिरींकडे जाणारी वाट तुम्ही कापली आहे. अशा जागी आम्ही खोली कमी करायला सांगतो, मालकाला आवडो न आवडो.

म्हणून पहिला सुरुंग उडण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजून ठेवा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात. टेपच्या टोकाला खडू फासून विहिरीत सोडा, ओला भाग वजा करा आणि काठावर रंगाची खूण करा, म्हणजे पुढची मापं तिथूनच घेता येतील. विहिरीच्या मालकाला शेजारी उभं करून त्याच्याच वहीत आकडा लिहा आणि सही घ्या. खाण सुरू झाल्यावर मोजलेल्या आकड्यावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तेही बरोबरच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालापासून पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. दोन्हीकडे पाण्याचा आराखडा विचारतात. कुठल्या तरी दुसऱ्या खाणीचा उतरवून दिलेला आराखडा पाहणीत उघडा पडतो, कारण त्यातला ओढा जागेवर नसतोच.

आमच्याकडे येताना सातबारा, गटाचा नकाशा आणि आसपासच्या विहिरींची यादी आणा. पहिली जागा-पाहणी मोफत आहे. विहिरींची दोन्ही मापं हवीत, तेव्हा खाण पुढच्या वर्षी सुरू करायची असेल तर या दिवाळीआधी या.